ओमान : वाऱ्याचा आणि पाटाचा देश

अरबी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला, मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर ओमान आहे. विमानाने हे अंतर जेमतेम तीन तासांचे; शिडांच्या काळात ते वाऱ्यावर ठरे. नैर्ऋत्य वाऱ्यावर गलबते हिंदुस्थानाकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परतत. या ठरावीक काळाला अरबीत ‘मौसिम’ म्हणतात. मराठीतला मोसम तोच. ओमानच्या रियालचे हजार भाग होतात, त्यातल्या एका भागाचे नाव बैसा, म्हणजे आपला पैसा. 1970 पर्यंत तर तेथे रुपयाच चालत असे.

मस्कतचे जुने बंदर काळ्या, उघड्या डोंगरांच्या कुशीत आहे. 1507 मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतले, 1650 मध्ये ओमानींनी त्यांना हुसकावून लावले. बंदराच्या तोंडाशी समोरासमोर उभे असलेले जलाली आणि मिरानी हे किल्ले त्या काळाची खूण आहेत. ते पाण्यातून, लहान होडीतून पाहावेत, म्हणजे ही जागा का निवडली ते लगेच उमगते. जवळच मोतीश्वर मंदिर आहे. गुजरात-कच्छच्या व्यापाऱ्यांची येथे पिढ्यान् पिढ्या वस्ती होती, आज मराठी कुटुंबेही बरीच आहेत. मत्राहच्या बाजाराला संध्याकाळी जावे. 2001 मध्ये खुली झालेली सुलतान काबूस मशीद मात्र सकाळी पाहायची. अंगभर कपडे हवेत आणि स्त्रियांनी डोके झाकायला हवे.

किनाऱ्यावरच थांबणाऱ्याला अर्धाच ओमान दिसतो. मस्कतहून दीड-दोन तासांवर डोंगरांच्या आत निझवा आहे. तेथील सतराव्या शतकातल्या किल्ल्याचा गोल, धिप्पाड बुरूज प्रसिद्ध आहे आणि शुक्रवारी सकाळचा गुरांचा बाजारही गजबजलेला असतो. तरी खरे नवल खजुराच्या बागांत आहे. त्याचे नाव फलज, म्हणजे डोंगराच्या पोटातले किंवा झऱ्याचे पाणी निव्वळ उताराने गावात आणणारा पाट. त्याला पंप नाही, मोट नाही. पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीकडे व न्हाणीघरांकडे आणि शेवटी बागांत जाते. बागांतली वाटणी वेळेवर चालते. दिवसा उन्हात रोवलेल्या काठीची सावली आणि रात्री तारे पाहून पाळी मोजत. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात. पाळी संपली की एका बागेचे तोंड बुजवून दुसरीचे उघडायचे. पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. असे पाच फलज 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पुन्हा किनाऱ्याला आले की पूर्वेला सूर लागते. हे गलबते बांधणाऱ्यांचे गाव. 1980 मध्ये येथे ‘सोहार’ नावाचे जहाज जुन्या रीतीने बांधले गेले. त्यात एकही खिळा नव्हता; फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याने शिवल्या होत्या. लाकूड मलबारचे होते आणि काथ्याही हिंदुस्थानातला. टिम सेव्हरिन यांच्या नेतृत्वाखाली ते 1981 मध्ये चीनला पोहोचले. सूरजवळच्या रास अल-जिंझच्या वाळूत रात्री हिरवी कासवे अंडी घालायला येतात. कोकणात वेळासला कासवांची पिल्ले पाहिलेल्यांनी येथे जरूर जावे, मात्र वाटाड्यासोबत आणि विजेरी न लावता.

या सगळ्या प्रवासाला ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. दक्षिणेकडच्या सलालाहचे वेळापत्रक मात्र उलटे आहे. जून ते सप्टेंबर तेथे धुके आणि भुरभुर पाऊस असतो, त्याला ‘खरीफ’ म्हणतात. हा शब्दही आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचाच. त्या दिवसांत एरवीचे करडे डोंगर हिरवेगार होतात. डोंगरांपलीकडच्या कोरड्या भागात धूपाची झाडे वाढतात. ठेंगणी, वेडीवाकडी, कागदासारखी साल सुटणारी ही झाडे. सालीला चीर दिली की पांढरा चीक थेंबाथेंबाने पाझरतो आणि वाळून खडा होतो. पहिल्या चिरेचा चीक हलका समजतात. पुढच्या चिरांचा खरा. याला अरबीत लुबान म्हणतात, त्यावरूनच आपला लोबान आला. सलालाहजवळच्या अल-बलीदसारख्या बंदरांतून तो शतकानुशतके बाहेर गेला. बाजारात घेताना पिवळे, मातकट खडे बाजूला सारून फिकट हिरवट, आरपार दिसणारे खडे मागावेत. त्यांना ‘होजारी’ म्हणतात.