‘नंबर’ कुणाला मिळतो आणि दुकान कुणाला मिळतं?

आमच्या वस्तीत एखाद्या मुलाला शिपायाची नोकरी लागली तरी पेढे वाटतात. पण एम.ए. झालेल्या मुलीने साड्या आणून विकायला सुरुवात केली, की आई-बाप चारचौघांत तो विषय टाळतात. शिक्षण वाया गेलं, एवढंच त्यांना त्यात दिसतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या गावकीची कामं करायला लावली आणि बाजारात पाय ठेवायचा तर अंगावरची सावली सांभाळायला लावली, त्या समाजाला नोकरीचा ठरलेला पगार हाच माणूसपणाचा पहिला पुरावा वाटला तर नवल नाही. मनुस्मृतीने तर शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, असा नियमच घालून ठेवला आहे. म्हणजे आपल्याकडे भांडवल नाही हा अपघात नव्हे.

पण आता नोकऱ्या उरल्या किती? कंत्राटी भरतीने आरक्षणाला मागच्या दाराने बाहेर काढलं, हे आपण मोर्च्यांत ओरडून सांगतोच. म्हणून गेली तीन-चार वर्षं आम्ही दर रविवारी विहारात कागदपत्रांसाठी बसतो, तेव्हा जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीच्या बरोबरीने एक नवा प्रश्न कानावर येतो: “दादा, होलसेलमधून माल आणून विकायचाय. लायसन लागतं का?”

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही सामाजिक स्तरीकरणाचे सगळे सिद्धांत पाठ केले. इनपुट टॅक्स क्रेडिट कुणी शिकवलं नाही. ते आम्हाला या पोरापोरींसोबतच शिकावं लागलं.

आधी घोळ दूर करू. आपल्याकडे ‘माल आणून पुन्हा विकण्याचा परवाना’ अशा नावाचा एकच कागद नाही. लोक ज्याला ‘नंबर’ म्हणतात तो म्हणजे जीएसटी नोंदणी. १ जुलै २०१७ पूर्वी व्हॅटचा टिन नंबर होता, त्याची जागा याने घेतली. शॉप अ‍ॅक्ट वेगळा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. उद्यम नोंदणी आणखी वेगळी. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. यातली उद्यम आणि जीएसटी या दोन नोंदण्यांना सरकारची फी शून्य रुपये आहे. शून्य! तरी आमच्याकडे आलेल्या एका मुलाने उद्यमचे दीड हजार आणि जीएसटीचे तीन हजार नेट कॅफेत मोजले होते. भरून देण्याच्या मेहनतीचे पैसे घेतले तर आमची तक्रार नाही, पण ‘सरकारी फी’ म्हणून घेतले जातात तेव्हा ती अज्ञानावरची वसुली असते. आणि अज्ञान कुणाच्या वाट्याला जास्त आलं, हे या वाचकांना सांगायला नको.

आता खरा प्रश्न: नंबर घ्यावा का? आमचं उत्तर ऐकून पोरं चकित होतात. आम्ही बहुतेकांना ‘इतक्यात नको’ म्हणतो.

महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्याशिवाय जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा आहे. आपले स्टॉल कुठे लागतात? १ जानेवारीला कोरेगाव भीमा, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर, १४ एप्रिलला गावोगावी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. हे सगळं महाराष्ट्रातच. पुस्तकांचा स्टॉल असेल तर विषयच संपला. छापील पुस्तकांवर कर शून्य आहे, आणि फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी घ्यावी लागत नाही. बाबासाहेबांचे खंड विकणाऱ्या माणसाला कुणी ‘जीएसटी कुठाय’ म्हणून दमदाटी केली तर त्याला शांतपणे कायदा दाखवा.

पांढऱ्या साडीचं गणित मात्र मांडून बघू. घाऊक व्यापारी ५०० ची साडी ५ टक्के कर धरून ५२५ ला देतो. तुम्ही ती ७०० ला विकता. नंबर नसेल तर हातात १७५ रुपये राहतात. नंबर असेल आणि गिऱ्हाईक ७०० च्या वर एक रुपया द्यायला तयार नसेल, तर त्या ७०० मध्येच कर धरावा लागतो. मूळ किंमत होते सुमारे ६६७, कर सुमारे ३३. खरेदीच्या वेळी भरलेले २५ वजा करून सरकारला साधारण ८ रुपये द्यायचे. हातात राहिले १६७. वर रिटर्न भरणाऱ्याची फी आहेच. कंपोझिशन योजना घेतली तर ७०० वर १ टक्का म्हणजे ७ रुपये कर, खरेदीवरच्या कराची वजावट नाही, आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. हातात १६८. म्हणजे थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या माणसाला नंबर घेऊन कमाई वाढत नाही, थोडी घटतेच. शिवाय एकही व्यवहार झाला नाही तरी रिटर्न भरावं लागतं. शून्याचं रिटर्नही उशिरा भरलं तर दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला ५०० पर्यंत. मोबाइल कव्हर विकणाऱ्या एका पोराने नंबर घेतला, तीन महिन्यांत धंदा बंद केला आणि नंबर तसाच सोडून दिला. दर महिन्याच्या जीएसटीआर-३बी या एकाच रिटर्नचे वर्षाला सहा हजार होतात. धंद्यात त्याने तेवढे कमावलेही नव्हते.

मग नंबर लागतो कधी? दुसऱ्या दुकानदाराला माल द्यायचा असेल तेव्हा उपयोगी पडतो, कारण नंबर नसलेल्याकडून घेतलेल्या मालावर त्याला वजावट मिळत नाही, म्हणून तो तुमच्याकडून घेत नाही. आणि राज्याबाहेर माल विकायचा असेल तेव्हा सक्तीचाच होतो, मग उलढाल दहा हजार का असेना. १४ एप्रिलला महूला साड्यांचा स्टॉल लावायचा असेल तर तेही मध्य प्रदेश, हे विसरू नका. ऑनलाइन कंपन्यांमार्फत राज्यातल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला नंबर लागत नाही, पण माल राज्याबाहेर पाठवता येत नाही. घाऊक बाजारातला व्यापारी ‘नंबर असेल तरच माल’ म्हणतो, तोही कायदा नाही. नंबर नसलेल्याला तो बिल देऊ शकतो, त्याची मर्जी नसते एवढंच.

आमच्या वस्तीतली एक ताई अशीच पांढऱ्या साड्या विकायची. सुरतेहून गठ्ठा मागवायचा, बुद्धपौर्णिमा आणि १४ एप्रिलच्या आधी दोन महिने घरोघरी जायचं. बऱ्हाणपूरच्या एका महिला मंडळाने तिच्याकडे एकदम ६० साड्या मागितल्या. बऱ्हाणपूर आपल्या बोलीचं, आपल्या नात्यागोत्याचं, पण कायद्याने परराज्य. आता नंबर घेणं भाग होतं. कंपोझिशनही चालणार नव्हतं, कारण त्या योजनेत परराज्यात विक्री करता येत नाही.

फॉर्म एका संध्याकाळी भरून झाला. पॅन, आधार, फोटो. अडलं ते ‘व्यवसायाच्या जागेचा पुरावा’ या एका रकान्यावर. ताईला बाजारपेठेत छोटा गाळा हवा होता. दोन गाळेमालकांनी तोंडी होकार दिला. भाडं ठरलं, अनामत ठरली. भाडेकरारासाठी आधारची झेरॉक्स दिली आणि दोघांनीही दोन दिवसांनी फोन केला. एकाचा भाचा अचानक गावाहून येणार होता. दुसऱ्याला गाळा स्वतःलाच लागणार होता. तो गाळा पुढे पाच महिने कुलूपबंद होता, आम्ही रोज त्यावरून जातो. आडनाव वाचता येतं ना माणसाला!

इथे थांबून विचार करा. संगणकाच्या पडद्यावर कुठेही जात विचारलेली नाही. जीएसटीच्या फॉर्मात जातीचा रकानाच नाही. तरी जात आत आली, ती जागेच्या पुराव्यातून. भेदभाव होतो कुठे, पुरावा काय, असं विचारणाऱ्या विद्वानांनी हा रकाना बघावा. बाबासाहेब बडोद्याहून परत आल्यावर, १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं थांबली आणि तो बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! अडचण ज्ञानाची नव्हती आणि परवान्याचीही नव्हती.

संविधानाच्या कलम १९ ने कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, इतरांना मोकळा असलेला व्यवसाय करण्यापासून अनुसूचित जातीच्या माणसाला रोखणं आणि आर्थिक बहिष्कार टाकणं हे गुन्हे म्हणून स्पष्ट लिहिले गेले. पण ‘भाचा येणार आहे’ यावर कोणता कलम लावणार? ताईला आम्ही तक्रारीबद्दल विचारलं. ती म्हणाली, “दादा, मला साड्या विकायच्यात, कोर्टात बसायचं नाही.” तिच्या जागी बसून पाहिल्यावर आम्ही आग्रह धरला नाही.

शेवटी तिने राहत्या घराचाच पत्ता दिला. घर सासऱ्याच्या नावावर, वस्ती जुनी, सातबारा नाही. लाइट बिल आणि घरपट्टीची पावती सासऱ्याच्या नावाची, सोबत त्यांचं संमतिपत्र. अधिकाऱ्याची विचारणा आली: मालकी स्पष्ट करा. अशा विचारणेला उत्तर द्यायला सात कामाचे दिवस असतात, आणि इथेच आपली माणसं हातपाय गाळतात. आम्ही उत्तर तयार केलं. लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती यांपैकी एक कागद जागेसाठी पुरतो आणि यादीबाहेरची कागदपत्रं मागू नयेत, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे. तिचा हवाला दिला. नंबर आला. ताईने घराच्या दारावर पाटी लावली, नंबर पाटीवर लिहावाच लागतो. सासऱ्यांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. घरपट्टी त्यांचीच होती ना.

उद्यमचं एक सांगायचं राहिलं. त्या फॉर्मात मात्र सामाजिक प्रवर्ग विचारतात. तिथे अनुसूचित जाती लिहा, लाजू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा केंद्रातही मिळाला आहे. पण आशा बेताची ठेवा. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठेवला आहे, तो माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. घेऊन विकणाऱ्याला नाही. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली ती फक्त प्राधान्यक्षेत्राच्या कर्जापुरती. स्टँड-अप इंडियाची कर्जं १० लाखांपासून पुढची होती. ज्या ताईचा अख्खा गठ्ठा चाळीस हजारांचा, तिने दहा लाख घेऊन काय करावं? तिच्या कामाचं ते मुद्राचं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज. त्याला तारण लागत नाही, आणि बँकेत तारण मागितलं तर लेखी मागा असं सांगायचं.

आमचे काही साथी म्हणतात, हे दलित भांडवलदार घडवण्याचं खूळ आहे, यातून जात मोडत नाही. त्यांच्याशी आमचा अर्धा वाद आहे. एक गाळा मिळाल्याने जातीव्यवस्था कोसळेल असं आम्ही कधी म्हटलं नाही, आणि ‘नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या’ या घोषणेने आरक्षणाच्या लढ्याला बगल दिली जाते हेही खरं आहे. पण चैत्यभूमीवर आपण विकत घेतो त्या मूर्ती, बिल्ले, कॅलेंडर, साड्या यांच्या घाऊक बाजारात आपला माणूस किती? पैसा आपला, श्रद्धा आपली, गल्ला दुसऱ्याचा. हे बघत बसणं ही कोणती क्रांती?

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही विहारातच असतो. येताना पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, चालू महिन्याचं लाइट बिल आणि घर ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला सोबत आणा. संमतिपत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. नंबर लागणार नसेल तर तेही तिथेच सांगू.

जय भीम!