शेरविनच्या चढावर रिच इंजिन

लोन पाइनला पेट्रोल भरलं आणि अ‍ॅव्हरेज जुळेना. मोहावी गावापासून उत्तरेला येणाऱ्या रस्त्याला फारसा चढ नाही, वाराही पडलेला, तरी आमच्या 1987 च्या फोक्सवॅगन वेस्टफालियानं भरमसाट पेट्रोल खाल्लं होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काजळी. मागून कुजक्या अंड्यांचा वास. रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत गेलं की पेट्रोलमधल्या गंधकाचा असा वास सुटतो. पश्चिमेला 4,421 मीटर उंच माउंट व्हिटनी उन्हात लखलखत होता, पण बाबांचं लक्ष सायलेन्सरवर. "मिक्श्चर रिच झालंय गं," ते म्हणाले.

बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. उमेदीची सगळी वर्षं दादरच्या गॅरेजात पद्मिनी मोटारींचे कार्ब्युरेटर उघडण्यात गेलेली. मला त्यांना 395 नंबरचा हायवे दाखवायचा होता. सिएरा नेवाडाची पूर्वेकडची कडा या रस्त्यावरून जशी दिसते तशी कुठूनच दिसत नाही. डाव्या हाताला बर्फाची शिखरं, उजव्या हाताला व्हाइट माउंटन्सच्या कोरड्या रांगा आणि मधे ओवेन्स नदीचं खोरं. या नदीचं पाणी 1913 पासून कालव्यानं लॉस एंजेलिसला जातं. वाटेत मांझनार लागलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना इथे तारांच्या कुंपणाआड डांबलं होतं. तिथे बाबा बराच वेळ गप्प उभे होते.

बिशप ओलांडल्यावर शेरविनचा चढ सुरू होतो. सुमारे 1,265 मीटरवरून रस्ता 2,100 मीटरच्या वर जातो. या चढावर पिकअप गेला आणि आरशात काळा धूर दिसू लागला. उंचीवर हवा विरळ असते. दोन हजार मीटरवर तिची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण एक-पंचमांशानं कमी भरते. या इंजिनात आत येणारी हवा एक झडप ढकलते आणि झडप किती उघडली त्यावरून संगणक पेट्रोल सोडतो. झडपेला हवेचा रेटा कळतो, वजन नेमकं कळत नाही. म्हणून उंचीवर मिश्रण थोडं रिच होणं साहजिक आहे. पण लोन पाइनलाही काजळी होतीच. दोष निव्वळ उंचीचा असेल तर खाली उतरल्यावर जायला हवा. आम्ही गाडी वळवली आणि बिशपला मुक्काम केला. कन्व्हर्टर तापलेला असताना वाळक्या गवतावर गाडी लावणं धोक्याचं, म्हणून मोकळी खडीची जागा शोधली.

या गाडीत इंजिन मागच्या बिछान्याखाली असतं. गादी, भांडी, कपड्यांच्या पिशव्या, सगळं बाहेर काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. सकाळी थंड इंजिन पहिल्याच चावीला लागलं आणि एका लयीत चालू राहिलं. धूर नाही, अडखळणं नाही. पाणी तापलं तसं स्लो वरखाली होऊ लागलं आणि पेट्रोलचा उग्र वास आला.

"थंडीत झकास, गरम झाली की बिघडते. चोक ओढलेलाच राहिलाय," बाबा म्हणाले.

"बाबा, या गाडीला चोक नाही."

"मग चोकचं काम कोण करतं?"

मला त्यांचा हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. जुनी इंजेक्शनची गाडी रिच चालली की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, मग हवेचा मीटर, मग संगणक. पैसे जातात, धूर राहतो. या गाडीत चोकचं काम करतो पाण्याचं तापमान मोजणारा लहानसा सेन्सर. 20 अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. रोध जास्त दिसला की संगणक इंजिन गार आहे असं धरतो आणि पेट्रोल वाढवतो.

तरी आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. एअर फिल्टर स्वच्छ. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून पाहिली. आतला पडदा फाटला तर नळीत पेट्रोल उतरतं, पण ती कोरडी होती. प्लग काळेकुट्ट, चारही सारखेच, म्हणजे एखाद्या इंजेक्टरची गळती नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या दरम्यान सतत हलायला हवा, तो 0.8 च्या वरच खिळलेला. म्हणजे सेन्सर रिच असल्याचं सांगत होता, आणि ते खरंच होतं.

मग गरम इंजिनावर तापमानाचा सेन्सर मोजला. तीनशेच्या जवळ, ठणठणीत. पण संगणकाच्या प्लगपाशी, वायरिंगच्या दुसऱ्या टोकाला, तोच रोध हजाराच्या वर. म्हणजे खोट मधल्या रस्त्यात होती. बाबांनी सेन्सरचं कनेक्टर उघडलं, आतल्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता आणि पट्टी सैल झाली होती. पॉलिश पेपरच्या अरुंद कापानं त्यांनी ती घासली, टोकदार पकडीनं आवळली. पुन्हा मोजलं तर दोन्ही टोकांना आकडा एकच. इंजिन चालू केल्यावर ऑक्सिजन सेन्सरचा काटा वरखाली हलू लागला. तो हलताना पाहून मला झालेला आनंद व्हिटनी पाहून झाला त्याहून कमी नव्हता.

शेरविन पुन्हा चढलो, या वेळी धुराशिवाय. कॉनवे समिटवर 2,480 मीटरवरून मोनो लेकचं निळं खोरं पाहिलं आणि ली व्हायनिंगला माघारी उतरलो. 1941 पासून लॉस एंजेलिसनं या तळ्याचे ओढे वळवले, पाणी खाली गेलं आणि चुनखडीचे ‘टुफा’ मनोरे उघडे पडले. तिथून टायोगा पासचा चढ, 19 किलोमीटरांत साडेनऊशे मीटरांहून जास्त. 3,031 मीटरवर, योसेमिटीच्या फाटकाशी, बाबांनी इंजिन निवेपर्यंत थांबायला लावलं आणि पाना मागितला. प्लग बाहेर आला तो फिकट तपकिरी. घरी पोचल्यावर ते कनेक्टर बदलायचं आणि तारेचं इन्सुलेशन सेन्सरपर्यंत तपासायचं, असं त्यांनी मला वहीत लिहून ठेवायला सांगितलं.