लांदच्या वनातील ३३१

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्दो नगरापासून दक्षिणेस दाक्सकडे जाणारा लोहमार्ग लांद नावाच्या प्रदेशातून जातो. फाक्त्यूर स्थानक मागे पडले की खिडकीबाहेर पाइन वृक्षांच्या रांगा सुरू होतात, त्या मोर्सांस येईपर्यंत सरत नाहीत. मध्ये इशू, लाबुएर अशी लहान स्थानके येतात. लाकडाच्या थप्प्या, दोनचार घरे दिसतात आणि पुन्हा वन सुरू होते. येथे डोंगर नाही, बोगदा नाही. साठ किलोमीटरहून अधिक अंतर हा मार्ग जवळजवळ एका रेषेत जातो.

हे वन निसर्गाने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे पाणथळ माळ होता आणि मेंढपाळ पायांना उंच लाकडी काठ्या बांधून कळप राखीत. १८५७ च्या कायद्याने गावोगावच्या सामायिक जमिनींचे पाणी काढून तेथे वृक्ष लावणे बंधनकारक केले. पुढे पाइनच्या खोडाला खाचा पाडून जमविलेली राळ आणि इमारती लाकूड हाच या मुलखाचा मुख्य व्यापार झाला. साबर गावाहून छोट्या आगगाडीने मार्केझच्या संग्रहालयग्रामात गेले, की त्या जुन्या जीवनाची घरे व अवजारे पाहावयास मिळतात. परंतु ज्या घटनेमुळे लांदचे नाव जगभरच्या रेल्वे अभियंत्यांच्या तोंडी झाले, ती या वनातील रुळांवर १९५५ सालच्या मार्च महिन्यात घडली.

महायुद्धात फ्रान्सच्या रेल्वेची मोठी हानी झाली होती. पूल तुटले होते, इंजिने भंगारात गेली होती आणि कोळसा महाग झाला होता. म्हणून पॅरिस ते लियों या मुख्य मार्गाचे विद्युतीकरण हाती घेण्यात आले व १९५२ मध्ये ते पूर्ण झाले. या मार्गासाठी अल्स्तोम कंपनीने सीसी ७१०० वर्गाची इंजिने बांधली. १९४९ मधील दोन नमुना इंजिनांनंतर १९५२ ते १९५५ या काळात या वर्गाची ५८ इंजिने तयार झाली.

त्यांच्या नावातच त्यांची रचना आहे. ‘बी’ म्हणजे दोन चालक आसांचा चाकगाडा आणि ‘सी’ म्हणजे तीन चालक आसांचा. सीसी इंजिनाखाली असे दोन गाडे, म्हणजे एकूण सहा आस असतात आणि प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर असते. याआधीच्या वेगवान विद्युत इंजिनांना चालक चाकांच्या पुढेमागे केवळ वाट दाखविणारी व भार वाहणारी लहान चाके लागत. ती चाके वजन वाहत, पण ओढीत नसत. नव्या इंजिनात शंभर टनांहून अधिक असलेला सारा भार ओढणाऱ्या चाकांवर आला. घरातील प्रत्येक माणूस कामाला लागावा तशी ही व्यवस्था होती. मोटरी आसावर थेट न ठेवता गाड्याच्या सांगाड्यावर बसविल्या आणि मोटर व चाक यांच्यामध्ये रबराच्या सांध्यांची जोडणी दिली. त्यामुळे रुळावर बसणारा आघात कमी झाला. या घराण्याची इंजिने पुढे नेदरलँड्स आणि स्पेनमध्येही धावली.

२१ फेब्रुवारी १९५४ रोजी दिजों ते बोन या टप्प्यात सीसी ७१२१ ने ताशी २४३ किलोमीटर वेग गाठला आणि जर्मनीचा १९३१ मधील २३० किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. अभियंता फेर्नां नूव्हियों यांनी त्यानंतर लांदच्या सरळ मार्गावर त्याहून मोठी परीक्षा योजिली. त्यासाठी दोन इंजिने निवडली गेली. एक होते अल्स्तोमचे सीसी ७१०७. दुसरे होते प्रतिस्पर्धी निर्मात्यांचे चार आसांचे, वजनाने हलके बीबी ९००४. दोन्हींच्या दंतचक्रांचे प्रमाण बदलण्यात आले. प्रत्येकामागे तीन डबे जोडायचे होते. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून डब्यांमधील फटी झाकल्या आणि शेवटच्या डब्याला निमुळते शेपूट लावले. तारेतील १५०० व्होल्टचा दाब प्रयोगापुरता सुमारे १९०० पर्यंत चढविण्यात आला.

२८ मार्च १९५५ रोजी सीसी ७१०७ धावले. एवढ्या शक्तीसाठी हजारो अँपियरचा प्रवाह एका बारीक स्पर्शातून इंजिनात उतरत होता आणि तारेला टेकलेला संग्राहक त्या उष्णतेने वितळू लागला. तरीही या इंजिनाने ताशी ३२६ किलोमीटर वेग गाठला. दुसऱ्या दिवशी बीबी ९००४ ने ३३१ गाठला. म्हणजे एका सेकंदात सुमारे ९२ मीटर! पाइनच्या दोन रांगा पाहता पाहता मागे सरल्या असतील.

मात्र गाडी गेल्यानंतर मार्ग पाहणाऱ्यांच्या ध्यानात वेगळीच गोष्ट आली. सकाळी सरळ असलेले रूळ काही ठिकाणी सापाच्या चालीसारखे डावी-उजवीकडे वाकले होते आणि खडी सरकली होती. रेल्वेचे चाक किंचित शंकूच्या आकाराचे असते. गाडी एका बाजूस सरकली की हाच आकार तिला पुन्हा मध्यावर आणतो. परंतु वेग मर्यादेबाहेर गेला की ही दुरुस्ती अतिरेकाला जाते आणि चाकगाडा या रुळावरून त्या रुळावर धडका देऊ लागतो. लांदमध्ये हेच घडले. गाडी घसरली नाही, माणसे सुखरूप राहिली. पण विक्रम आणि अपघात यांत अंतर फार थोडे उरले होते.

जगापुढे या दोन दिवसांचा हिशेब मांडला गेला तो मात्र निराळा. दोन्ही इंजिनांच्या नावे ३३१ हाच आकडा जाहीर झाला. दोन प्रतिस्पर्धी निर्मात्यांपैकी कोणीही दुखावू नये, हे त्याचे कारण सांगितले जाते. वाकलेल्या रुळांचे छायाचित्र तर कित्येक वर्षे लोकांपुढे आलेच नाही.

कुटुंबातील वडीलधाऱ्याने दोन भावांची वाटणी सारखी करावी, तसा हा प्रकार वरवर सद्भावनेचा दिसतो. परंतु वस्तू वाटता येते, मोजमाप वाटता येत नाही. जैन आचारशास्त्राने सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटी नोंद करणे, हा दोष स्वतंत्रपणे सांगितला आहे. पेढीवर वहीपूजन करणाऱ्या घरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वहीत पाच रुपये कोणाच्या प्रेमापोटी अधिक लिहिले, तरी ती नोंद खोटीच ठरते. शिवाय ३२६ हा आकडा काही लाजिरवाणा नव्हता. २८ मार्चच्या सायंकाळी तोच जगातील सर्वोच्च वेग होता. सीसी ७१०७ ला उसन्या पाच किलोमीटरची गरज नव्हती.

त्या नोंदीपेक्षा वाकलेल्या रुळांनी अधिक खरे सांगितले, आणि अभियंत्यांनी ते ऐकले, हे त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवे. नित्याच्या प्रवासी गाड्यांचा वेग ३३१ च्या मोहात वाढविला गेला नाही. चाकगाड्यांची डोलण्याची प्रवृत्ती आवरणारे दाबक, भक्कम मार्ग आणि तारेशी सौम्य स्पर्श राखणारे संग्राहक यांवर काम सुरू राहिले. बारा वर्षांनी, १९६७ मध्ये, बीबी ९००४ च्या वंशातील बीबी ९२०० वर्गाच्या इंजिनांनी पॅरिस–तूलूझ मार्गावरील ‘कापितोल’ गाडी काही टप्प्यांत २०० च्या वेगाने नेली. ३३१ चा विक्रम फ्रान्समध्ये मोडला गेला तो २६ फेब्रुवारी १९८१ रोजी, तेजेव्हे गाडीच्या ३८० च्या धावेने. आणि त्याच वर्षी त्या गाड्या प्रवाशांच्या सेवेत आल्या. मधली सव्वीस वर्षे संयमाची होती.

लांदच्या तारेतील १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह महाराष्ट्रालाही परिचित आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावलेली देशातील पहिली विद्युत गाडी याच दाबावर चालली. कमी दाबाचा प्रवाह म्हणजे मोठी रक्कम सुट्या नाण्यांत नेणे. ओझे अधिक, म्हणून तांबे जाड लागते आणि उपकेंद्रे जवळ जवळ उभारावी लागतात. २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह म्हणजे तीच रक्कम हुंडीने पाठविणे. फ्रान्सच्या ईशान्येस याच काळात ती पद्धत यशस्वी होत होती आणि १९५७ मध्ये भारतानेही फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने तिचा स्वीकार केला. मुंबईच्या पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आणि त्यानंतर मध्य रेल्वेने जुना दाब सोडला. लांदचा विक्रम अशा प्रकारे एका मावळत्या पद्धतीचा सर्वांत तेजस्वी दिवस ठरला.

बीबी ९००४ आज अल्सास प्रांतातील म्युलूझ येथील भव्य रेल्वे संग्रहालयात उभे आहे. सीसी ७१०७ ने विक्रमानंतर पुन्हा नित्याच्या गाड्या ओढल्या. आज इतिहासाच्या पुस्तकांतून दोघांचे आकडे वेगवेगळे लिहिले जातात: एकाचे ३३१, दुसऱ्याचे ३२६. वाकलेल्या रुळांचे छायाचित्रही आता सर्वांना पाहता येते. नोंद दुरुस्त झाली, आणि त्यामुळे कोणाही इंजिनाचा मान उणावला नाही.

लांदमधले ते रूळ केव्हाच बदलले गेले आहेत. बोर्दोहून निघालेली गाडी आजही त्याच सरळ रेषेवरून वनातून जाते, आणि पाइनच्या सावल्या डब्यांवरून एका लयीत सरकत राहतात.