जीवदानीचा डोंगर, निर्मळची यात्रा आणि वाडीची वाट

विरार स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले, की जीवदानीचा डोंगर समोर उभा राहतो. सुमारे चौदाशे पायऱ्या चढून गेले, की देवीचे मंदिर लागते. डोंगरात जुनी कोरीव लेणी आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी आता रोपवेचीही सोय झाली आहे. वर पोचल्यावर पश्चिमेकडे पाहावे. दाटीवाटीच्या इमारतींपलीकडे समुद्रापर्यंत जो हिरवा पट्टा दिसतो, त्यात आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव आणि गास ही गावे आहेत. केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले यांवर हा भाग पिढ्यान् पिढ्या जगला. वाचकांपैकी अनेकजण नवरात्रात जीप-टेम्पो करून या डोंगराला येतात. त्यांच्यासाठीच हा लेख लिहीत आहे. पण देवीच्या माहात्म्यावर नव्हे, तर खाली रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर.

देवस्थानांच्या बाबतीत वसई श्रीमंत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, आणि त्या वेळी बोललेल्या नवसाने वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले असे सांगतात. ते देऊळ शेजारच्या भिवंडी तालुक्यात आहे. पहिले भारतीय संत मानले गेलेले गोन्सालो गार्सिया वसईचेच. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. गासचे चर्च त्यांच्या नावाचे आहे. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तेथील बौद्ध स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून जगापुढे आणला. निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीपासून तेथे यात्रा भरते. त्या यात्रेला हिंदू जातात तसे ख्रिस्तीही जातात. ओढ देवाची, तशीच सुकेळ्यांची आणि वर्षाच्या खरेदीचीही असते!

या पश्चिमेच्या गावांतले रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचे आहेत. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणे, मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट. रस्त्याच्या कडेला मोकळी पट्टी म्हणून नाहीच. जी जागा होती तिच्यात केळी उभी आहे. अशा रस्त्यावर एक मोटार उभी राहिली, की रस्ता अर्धा होतो. समोर दुसरी उभी राहिली, की तो संपतो.

कृषी विस्ताराच्या कामामुळे या वाड्यांतून माझे जाणे-येणे असते. एका जत्रेच्या दिवशीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कोणत्याही गावात घडू शकते. एका सोनचाफ्याच्या बागेत पहाटेची तोडणी झाली होती. घरच्या बाईने फुले पिशव्यांत भरून दिली, आणि मुलगा ती घेऊन स्कूटरवर स्टेशनकडे निघाला. वाडीच्या तोंडाशी बाहेरगावची मोठी मोटार आडवी उभी. चालक दर्शनाला गेलेला. मुलाने स्कूटर कशीबशी कडेने बाहेर काढली, रस्त्यालगत लावली आणि मोटारवाल्याला शोधायला तो गर्दीत शिरला. कारण मागून भाजीचा टेम्पो यायचा होता. तेवढ्यात टोइंगवाले आले. त्यांनी स्कूटर उचलली. मोटार तशीच राहिली! काचेवर कसलीशी पाटी होती, आणि मोटार उचलण्यापेक्षा स्कूटर उचलणे हलकेही पडते. दंड भरून, पावती घेऊन मुलगा स्टेशनवर पोचला तोवर दोन-तीन लोकल निघून गेल्या होत्या. दादरचा फूलबाजार कोणासाठी थांबत नाही. सकाळी ज्या फुलाला भाव, त्यालाच ऊन चढल्यावर गिऱ्हाईक नसते.

त्या माउलीचे म्हणणे एवढेच होते, “साहेब, दंड आम्ही भरला त्याचं काही नाही. पण ती मोटार का नाही उचलली?”

खरे सांगायचे तर स्कूटरही नियमाबाहेरच होती. म्हणून दंड माफ करा असे तिने म्हटले नाही, आणि मीही म्हणत नाही. पण नियम हलक्या वाहनाला लागू आणि जड वाहनाला माफ असला, तर लोक नियमावर नव्हे, नशिबावर विश्वास ठेवू लागतात. मग पुढच्या जत्रेला तोच मुलगा स्कूटर कोठेही लावील.

कायदा काय म्हणतो तेही शेतकरी कुटुंबांना ठाऊक असावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडता येत नाही. मग ते देवळासमोर असो, चर्चसमोर असो की मशिदीसमोर. देवाचे काम आहे म्हणून सूट नाही. कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा ठरवायच्या, त्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. मनाई असलेल्या जागेवरून गाडी उचलायची असेल, तर कलम १२७ प्रमाणे त्याला गणवेशातील पोलिस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगच्या गाडीवरील पोरांना स्वतःच्या मर्जीने ती उचलता येत नाही. उचलण्याचा खर्च मालकाकडून घेता येतो, तो दंडाहून वेगळा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू झाले. साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १५०० रुपये. पाचशे रुपये म्हणजे मोटारवाल्याचा एक वेळचा नाश्ता असेल. वाडीवाल्याच्या घरी ती फुले तोडणाऱ्या बाईची रोजंदारी आहे.

आता दाद कोणाकडे मागायची? वसई-विरार महानगरपालिका जुलै २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आणि ऑक्टोबर २०२० पासून येथे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालय आहे. फलक नाही, पट्टा पुसला, वाहनतळ नाही, अशी तक्रार महापालिकेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. चलनाबद्दलची तक्रार वाहतूक पोलिसांकडे. ई-चलनाबरोबर वाहनाचे छायाचित्र असते, ते नीट पाहावे. शेजारची मोटार त्याच छायाचित्रात दिसत असेल, तर तुमच्या अर्जाला तेवढाच आधार!

हे सुधारते का? सुधारते. सप्तशृंगगडाचे उदाहरण पाहा. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत खासगी वाहने नांदुरीला पायथ्याशी थांबवतात, आणि तेथून एस.टी.ने भाविक वर जातात. मोटारवाला आणि पायी आलेला एकाच बसमध्ये बसतो. तक्रारीला जागाच राहत नाही. तेथे आधी जागा दिली, मग मनाई केली. आपल्याकडे बरेचदा उलटे होते. फलक झाडाच्या फांदीआड, वाहनतळ कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि दंडाचे यंत्र मात्र तयार!

वसईतही हे अवघड नाही. यात्रेच्या आधी आठ दिवस देवळात आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चमध्ये जागा सांगून टाकाव्यात. चर्चला बहुधा पटांगण असते, शाळेला मैदान असते. ती सणापुरती एकमेकांना द्यावीत. म्हातारेकोतारे आणि अपंग यांना दारापर्यंत सोडून गाडी परत नेऊ द्यावी. वाडीवाल्यांना पहाटेच्या फुलभाजीसाठी ओळखपत्र द्यावे. आणि उचलायला सुरुवात करायची तर रस्त्याच्या एका टोकापासून करावी. पहिली गाडी कोणाची हे न पाहता पहिली ती पहिली.

आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. काही वाडीवाले अंगणात गाड्या लावून घेऊन चार पैसे मिळवतात, त्यात गैर काही नाही. पण रस्त्यावर धोंडे आणि बादल्या मांडून सरकारी जागेची जे राखण करतात, त्यांनी मोटारवाल्याकडे बोट दाखवू नये. धोंडाही अडथळाच आहे.

तेव्हा यंदा जीवदानीला यायचे असेल तर शक्यतो लोकलने या. विरारहून डोंगराचा पायथा जवळ आहे. टेम्पोनेच यायचे झाले तर पहाटे या, वाहनतळ आधी विचारून घ्या, आणि गाडीत एकजण तरी ठेवा, म्हणजे वेळ पडल्यास गाडी हलवता येईल. निर्मळला नालासोपारा किंवा विरारला उतरून महापालिकेच्या बसने अथवा रिक्षाने जाता येते. सुकेळी राजेळी केळ्यांचीच आहेत का, हे विचारून मगच घ्या. परतताना हातात पिशव्या असतातच. गाडी दूर लावली असली तर ओझ्याचा अंदाज घेऊन खरेदी केलेली बरी.