मुलं कुठे अडतात?

टीव्हीवर विणलेला रुमाल होता. ४३ इंची टीव्ही, गावानं लोकवर्गणी काढून शाळेला दिलेला. शाळा दोनशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत. मी भेटीला आलो म्हणून बाईंनी रुमाल काढून घडी घालून ठेवला आणि वजाबाकीचा व्हिडिओ लावला. रंगीत आकडे उड्या मारत शेजाऱ्याकडून उसने घेत होते, मागे गाणं चाललं होतं. मुलं हरखून बघत होती. आठ मिनिटांनी व्हिडिओ संपला, बाईंनी फळ्यावर ३०४ − १८६ मांडलं आणि तिसरीच्या मुलांना वह्या काढायला सांगितल्या. मी मागे बसकरपट्टीवर त्यांच्यातच बसलो होतो. तिथून वह्या स्वच्छ दिसतात. निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर होतं २८२.

हे २८२ नीट बघण्यासारखं आहे. चारातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून चार काढले. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून आठ तसेच खाली उतरवले. तीनातून एक गेला, उरले दोन. हा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. मुलानं मनाशी एक नियम धरलाय, मोठ्यातून लहान काढायचं, मग मोठा वर असो की खाली. तो नियम ते प्रामाणिकपणे पाळतंय. व्हिडिओला याची काय कल्पना असणार? तो पन्नास गावांत तसाच चालतो. बाईंना मात्र ते ठाऊक होतं. नंतर मी विचारलं, “मुलं नेमकी कुठे अडतात?” त्या लगेच म्हणाल्या, “सर, मध्ये शून्य आला की.”

मी तालुक्यात साधनव्यक्ती आहे. सुरुवातीची वर्षं मी मोठ्या हॉलमध्ये प्रशिक्षणं घेतली. साठ-सत्तर शिक्षक, पडद्यावर एकामागून एक ॲप, संध्याकाळी सगळ्यांच्या सह्या. महिन्याभरानं शाळांत गेलो तर त्यातलं काही वापरात दिसायचं नाही आणि मला वाईट वाटायचं. चूक माझ्या क्रमात होती. मी ॲपपासून सुरुवात करत होतो. मुलं अडतात ती जागा शिक्षकाच्या डोक्यात असते, आणि तिथे मी कधी गेलोच नव्हतो. आता कुठल्याही शाळेत माझा पहिला प्रश्न तोच असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी मोबाईल खिशातून काढत नाही.

त्या दिवशी आम्ही कपाटातून गणिताच्या पेटीतल्या खेळण्यातल्या नोटा काढल्या. शंभराच्या तीन, दहाची एकही नाही, रुपयाची चार नाणी. अडचण एवढीच, की जमिनीवर नोटा मांडल्या तर पुढच्या पाच मुलांना दिसतात, बाकीची मानाच काढत बसतात. बाईंचा मोबाईल आम्ही दोन डस्टरांच्या आधारानं स्टुलावर आडवा ठेवला, कॅमेरा खाली बघेल असा, आणि त्याचं चित्र टीव्हीवर घेतलं. याला नेट लागत नाही. आता बाईंचे हात, नोटा, नाणी सगळ्या वर्गाला दिसायला लागली.

“दुकानदाराला एकशे शहाऐंशी द्यायचेत. द्या.”

वर्ग गप्प. बाईही गप्प राहिल्या. मला ती शांतता अजून आठवते, कारण मी असतो तर मधे बोललो असतो. मग तिसरीतली एक मुलगी उठली. “बाई, शंभराची नोट मोडायला लागंल.” बाईंनी शंभराची एक नोट बाजूला घेतली, दहाच्या दहा ठेवल्या. “आता?” “त्यातली एक दहाची पण मोडा.” टीव्हीवर दोन शंभराच्या, नऊ दहाच्या नोटा आणि चौदा नाणी दिसत होती. मधल्या घरातल्या शून्याचे नऊ होताना मुलांनी डोळ्यांनी बघितलं. नोट मोडणं त्यांना किराणा दुकानात रोजचं आहे. वहीत मात्र ते पहिल्यांदाच घडत होतं. उरले ११८.

मग बाईंनी एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती. २८२ लिहिलेली एक वही, नाव झाकून, कॅमेऱ्याखाली धरली आणि विचारलं, “यानं काय विचार केला असंल?” मुलांनी तो नियम स्वतः शोधून काढला. कुणी हसलं नाही.

तंत्रज्ञान अडलेल्या जागीच पोहोचवण्याचं आणखी एक उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, पुढे राज्याच्या पुस्तकांत तो आला, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्या कोडची जागा. मूल ज्या पानावर अडतं, त्याच पानावर तो आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’चे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोगही तसेच वापरता येतात, आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. पण वीज शिकवताना सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब आधी मुलांच्या हातात द्यावा असं मी आग्रहानं सांगतो. बल्बमध्ये वीज ‘संपते’ असं अनेक मुलांना मनापासून वाटतं. तारेच्या आत डोळा पोहोचत नाही. तेवढ्यापुरता स्क्रीन लावायचा, बल्बच्या दोन्ही बाजूंना कण सारख्याच वेगानं सरकताना दाखवायचे आणि बंद करायचा.

एक खंत आहे, ती सांगतो. शिक्षकाच्या हातातला मोबाईल आज मुख्यतः माहिती भरायला वापरला जातो. फोटो टाका, लिंक भरा, आजच्या आज पाठवा. दिवसभर ज्या यंत्रानं पिडलं, त्यालाच पाचव्या तासाला प्रेमानं हातात घ्या असं मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू? त्यात शाळेचं वीजबिल थकलेलं असतं. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतल्या साहित्याच्या पेट्याही पुष्कळ ठिकाणी कुलपातच राहिल्या, मोडलं तर भरून कोण देणार या धाकानं. टीव्हीवरचा रुमाल मला त्याच घरातला वाटतो. म्हणून भेटीच्या नोंदवहीत मी आता ‘टीव्ही किती तास वापरला’ हे लिहीत नाही. मुलांनी काय लिहिलं ते उतरवून घेतो.

दिवाळीनंतर एका रात्री नऊ वाजता बाईंचा फोन आला.

“सर, चौथीला सहाशे बाराला सहानं भाग दिला. अर्धा वर्ग बारा म्हणतोय. तो मधला शून्य लिहीतच नाहीत.”

“नोटा मांडून बघितल्या?”

“मांडल्या. सहा शंभराच्या नोटा सहा जणांना एकेक बरोबर वाटतात. दहाची एकच उरते, ती सहा जणांत जात नाही हेही कळतं त्यांना. मग ती मोडून नाणी वाटतात, उत्तर एकशे दोन येतं. पण वहीत परत बाराच.”

“वहीत लिहिताना नजर कुठे जाते त्यांची?”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. “ते नाही बघितलं. उद्या दोघातिघांचे हात लिहिताना शूट करून ठेवते.”

“ठेवा. मी गुरुवारी येतो, दोघं मिळून बघू.”