मूत्रपिंडाच्या पेशी: काही टिपणे

१९५८. मॅडिन आणि डार्बी यांनी एका निरोगी कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून पेशी काढून वाढवल्या. त्यांचा वंश, एमडीसीके, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे.

•

बशीच्या तळाशी या पेशींचा एकसलग थर धरला की जागोजागी फोड येतात. पेशी वरचं मीठ-पाणी ओढून खाली सोडतात, तिथे ते साठतं आणि थर उचलला जातो. शरीर सुटलं, तरी मूत्रपिंडातल्या नळीचं काम सुटलेलं नाही.

•

पेशींना वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या सीरममध्ये असंख्य पदार्थ असतात. पेशीने नेमकं कशाला उत्तर दिलं ते कळत नाही. १९७९ मध्ये मेरी टॉब, गॉर्डन सॅटो आणि सहकाऱ्यांनी सीरम वगळलं. इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडचं टी-३, प्रोस्टाग्लँडिन ई-१ आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन, एवढ्यावर एमडीसीके वाढल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं. त्यानंतर एकेक घटक काढून पाहता येऊ लागला.

•

व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा ग्राही पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला असतो. तिथे ते चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो आणि अ‍ॅक्वापोरिन-२ ही पाण्याची दारं मूत्राकडच्या अंगाला येऊन बसतात. हाक एकीकडे, उत्तर दुसरीकडे. म्हणून पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवायच्या. दोन्ही अंगांना वेगळा द्रव देता येतो.

•

आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या मूत्रपिंडातल्या ए-६ पेशी. व्हॅसोप्रेसिन दिलं की सोडियमची वाहतूक काही मिनिटांत वाढते. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला साधारण तासभर लागतो, कारण ते पेशीत शिरून जनुकांना कामाला लावतं. प्रयोग घाईने आवरला तर अल्डोस्टेरॉनचा काही परिणामच नाही असं वाटेल.

•

सर्वांत महत्त्वाचं. माणसाच्या निरोगी मूत्रपिंडाच्या पेशींना सायक्लिक एएमपी वाढू देत नाही; पॉलिसिस्टिक आजारातल्या गाठींच्या पेशींना तेच वाढायला लावतं. त्या पेशींत कॅल्शियम कमी असतं, आणि तेवढ्याने निरोपाचा अर्थ फिरतो. व्हॅसोप्रेसिनचा ग्राही अडवणारं टोल्व्हॅप्टन २०१८ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. ते आजार बरा करत नाही, पण मूत्रपिंडाची घसरण मंद करतं. निरोगी पेशीचं उत्तर पाहून आजारी पेशीचं उत्तर गृहीत धरू नये. रुग्णाची पेशीच वाढवून तिलाच विचारावं.