आतून लागणारी कडी

कार्तिकी पौर्णिमा झाली की चातुर्मास सुटतो आणि साध्वीजी महाराजांचे विहार सुरू होतात. गोपीपुऱ्यातून, अडाजणमधून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरकडे जायचं म्हणजे सुरत-धुळे महामार्ग. रात्रंदिवस ट्रक. साध्वीजी पहाटेच निघतात, म्हणून मागे-पुढे चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून चालणारी माणसं लागतातच. विहारात गाडीनं उडवल्याच्या बातम्या आपण सगळ्याच वाचतो.

या सेवेला आमच्या मंडळात पुरुष पुष्कळ मिळायचे, बायका एखाद-दुसरीच. श्रद्धा कमी नव्हती, अडचण रात्रीची होती. मुक्काम बहुतेक एखाद्या शाळेत. आतली खोली साध्वीजींची. पुरुष ओसरीवर, पायरीवर, कुठेही आडवे होतात. बाईनं कुठं पडायचं? ‘रात्री घरी जा, पहाटे या’ म्हणणारे म्हणतात; पण पहाटे चारला सोनगढला पोचवणार कोण?

आमच्या थोरल्या जाऊबाईंनीच विषय काढला. “सामानाचा पिकअप रात्रभर उभाच असतो ना? त्यात झोपू की.”

एक गोष्ट आधीच ठरवली. झोपायचं ते फक्त उभ्या गाडीत. चालत्या मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यालाही मान्य नाही आणि शहाणपणालाही.

हौदा मोजला. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. आडवं झोपलं तर पाय दुमडावे लागतात, लांबीनं झोपलं तर तिघी मावतात, प्रत्येकीला 22 इंच. पोसहात कटासण्यावर रात्र काढलेल्या बाईला 22 इंच पुष्कळ! आठ बाय चारचं एक प्लाय आणि दुसऱ्यातून कापलेली दीड फुटाची पट्टी, खाली लाकडी चौकट. चौकटीच्या पायांना जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले, म्हणजे ती सरकत नाही, करकरत नाही. पाटाखाली चौदा इंच मोकळे ठेवले, तिथं भाजी मंडईतले प्लास्टिकचे क्रेट बसतात. त्यात आमची भांडी, कपडे, उकळलेल्या पाण्याचे डबे.

सुताराचा आग्रह फोमच्या गादीचा होता. आम्ही नको म्हटलं. फोम ओल धरतो, सांध्यात किडा-मुंगी शिरली तर दिसत नाही. गोधडी उन्हात टाकता येते, सकाळी झटकून, पूंजणी फिरवून, नीट बघून घडी घालता येते. आता गंमत बघा. सुरत साड्यांचं गाव, पण गोधडीला इथली चकचकीत साडी चालत नाही. ती घाम शोषत नाही आणि झोपेत घसरते. सुती लुगडी शोधावी लागली. उधन्याच्या एका खान्देशी मावशींनी ती जोडून दोन गोधड्या शिवून दिल्या.

पण खरं काम पुढेच होतं. पिकअपच्या फाळक्याची कडी बाहेरून असते. म्हणजे आत झोपलेल्या बाईला कुणीही कोंडू शकतं, कुणीही उघडू शकतं. वरची ताडपत्री तर कुणाच्याही हातानं उचलते. म्हणून कमानींना चारी बाजूंनी लोखंडी जाळी वेल्ड करून घेतली, ताडपत्री तिच्यावरून. फाळक्याच्या आत जाळीचंच एक दार आणि त्याला आतून कडी. कुलूप नाही, अंधारात नुसत्या बोटांनी उघडली पाहिजे. जाळीतून हात येत नाही, वारा येतो. ताडपत्री खालून वीतभर उचललेलीच ठेवायची, नाहीतर तिघींच्या श्वासानं सकाळी आतून पाणी ठिबकतं. डासांसाठी बारीक मच्छरदाणी. कॉइल नाही, शेगडी नाही, इंजिन चालू ठेवून झोपणं तर नाहीच. बंद जागेतला धूर जीव घेतो, आपलाही आणि बारक्या जिवांचाही.

मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांना हे पटलं नाही. “भूमिशयन हे तप. सेवेला जाताना पलंग कसले घेता?”

संथारा या शब्दाचा मूळ अर्थच अंथरूण. रात्री झोपण्याआधी आपण संथारा पोरिसी म्हणतो, ती सगळ्या जिवांना खमावून, निर्धास्त मनानं डोळे मिटावेत म्हणून. जमिनीवर आपणहून झोपणं हे तप खरंच. पण भीतीनं रात्रभर डोळे उघडे ठेवून बसणं, त्याला तप कोण म्हणेल? आणि अशा जागलेल्या बाईनं पहाटे महामार्गावर साध्वीजींच्या मागे चालायचं, ट्रकवर लक्ष ठेवायचं?

आता तिघींच्या जागेसाठी आमच्याकडे नंबर लागतात. सासवा सुनांना पाठवतात, एक नवरा तर स्वतः येऊन कडी ओढून बघून गेला. तुमच्या संघाचा पिकअप असेल तर आधी कडी बसवून घ्या. गोधडी काय, मागाहूनही शिवता येते.